घामावर कर, भुईला माफी: तुमचे प्रश्न, मोजणीच्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात सातबाऱ्यावरच्या 'आकार' (म्हणजे शेतसारा) या रकान्याबद्दल एकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते की, "पगारावरचा कर उतरवून तो जमिनीवर चढवावा, असं मला मोजणीच्या कामात पुष्कळदा वाटलं." या सदराला एरवी बांधाची भांडणं, हिस्सेवाटप, चुकलेला फेरफार असली पत्रं येतात. या खेपेला निम्मी पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यांतली काही इथे घेते. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी भूमि अभिलेख खात्यात चौतीस वर्षं काढली, सुरुवात भूकरमापक म्हणून. गावात गेले की पोरं ओरडायची, "मोजणीच्या बाई आल्या!" तेच नाव पुढे चिकटलं. अर्थशास्त्र मी शिकलेली नाही. जमीन मात्र पायांनी तुडवलेली आहे.

वाकडहून एक नोकरदार लिहितात: "आयटीत सोळा वर्षं नोकरी झाली. पगार हातात येण्याआधीच टीडीएस कापला जातो, वर प्रोफेशनल टॅक्स. आमच्या सोसायटीला लागून पाऊण एकराचा प्लॉट अकरा वर्षं पत्रे ठोकून पडलाय. मालक वर्षातून एकदा येतो, पत्रे शाबूत आहेत का बघतो आणि जातो. त्याच्या जमिनीचा भाव माझ्या पगाराहून जोरात वाढला. मी मूर्ख आहे का?"

मूर्ख नाही हो, पगारदार आहात. पगार लपवता येत नाही म्हणून त्यावरचा कर सगळ्यात आधी निघतो. जमीन तर त्याहूनही लपत नाही. तिच्यावर मात्र कुणी एवढ्या तत्परतेनं हात टाकत नाही.

पत्र्यांमागच्या त्या जागेचा भाव कशानं वाढला, एवढं मनात मोजून बघा. हिंजवडीला एमआयडीसीनं आयटी पार्क वसवलं. रस्ते झाले, पाण्याची लाइन आली, माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं काम निघालं. तुमच्यासारखी हजारो माणसं तिथे राहायला आली, त्यांच्या मागून शाळा, दवाखाने, डोशाच्या गाड्या आल्या. या सगळ्यात मालकाचा वाटा पत्र्यांपुरता. उद्या त्यानं प्लॉट विकला तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर त्याला साडेबारा टक्के कर. तुमचा पगार वरच्या टप्प्यात गेला की तीस. आणि हीच जमीन शेतीची असून नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेशी लांब असती (त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटर), तर विक्रीच्या नफ्यावर शून्य. महापालिका मोकळ्या जागेवर कर लावते, नाही असं नाही. पण तो भरायला लागतो म्हणून कुणी प्लॉट विकला, असं मी ऐकलेलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात खिळे जुळवता जुळवता पत्रकार झालेल्या हेन्री जॉर्ज नावाच्या माणसानं १८७९ साली हीच तक्रार मोठ्या पुस्तकात मांडली. आगगाडी आली, वस्ती वाढली, जमिनीचे भाव चढले. जमीन धरून बसलेला श्रीमंत झाला आणि राबणारा होता तिथेच राहिला. त्याचं म्हणणं असं की माणसाच्या कष्टावरचे, व्यापारावरचे, इमारतीवरचे सगळे कर काढून टाका आणि नुसत्या जागेचं जे भाडं होतं ते सरकारनं घ्या. घामावर कर लावला तर माणूस घाम कमी गाळतो. जमिनीवर लावला म्हणून गुंठाभर जमीन कमी होत नाही. चौतीस वर्षं मोजून मीही हे सांगू शकते. जमीन शेजाऱ्याच्या बांधात गेलेली पाहिली, कमी झालेली नाही पाहिली. गंमत म्हणजे त्याच १८७९ साली आपल्याकडे मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा झाला. त्याचाच वारस असलेला १९६६ चा कायदा पाठ करून मी खात्याची परीक्षा दिली. तेव्हा हेन्री जॉर्जचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमची थोडी निराशा करते. देशात वैयक्तिक प्राप्तिकर वर्षाला दहा लाख कोटींच्या वर जमतो. एवढा सगळा बोजा एका झटक्यात जमिनीवर टाकतो म्हणणारा माणूस एकतर निवडणुकीला उभा नाही किंवा त्यानं गणित केलेलं नाही. पण तुम्ही ज्याचं नाव शेवटी घेतलंत तो प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, तिथून सुरुवात करायला कुणाची हरकत असावी? तो तर निव्वळ राबण्यावरचा कर आहे. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीला तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार जात. राज्यघटनेतली ती कमाल मर्यादा १९८८ पासून तीच आहे. महाराष्ट्रानं हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. म्हणजे शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. विचार चांगला, मला त्याचा अभिमानच वाटायचा. पण त्या योजनेतून रस्ता झाला, पाझर तलाव झाला, आणि भाव वाढला तो रस्त्याकडेच्या जमिनीचा. पैसे मात्र दिले कारकुनानं.

इंदापूर तालुक्यातून एक शेतकरी: "बाई, तुम्ही सरकारी खात्यातल्या, म्हणून शेतसारा गोड लागत असेल. इंग्रजांनी जमिनीवर कर लावून आमच्या खापरपणज्यांना देशोधडीला लावलं. तेच पुन्हा आणायचं म्हणता?"

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही नेमक्या इंदापुरातून लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा प्रयोग जगात मुद्दाम पुस्तकी सिद्धान्त हाताशी धरून जिथे झाला, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे तुमचाच तालुका.

पेशवाई गेल्यावर पुण्याच्या मुलखाची पाहणी प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आली. तो विलायतेत हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात शिकलेला. तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत. त्या काळी रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धान्त नवा कोरा होता. पिकातून मशागतीचा खर्च वजा केला की उरतं ते जमिनीचं देणं, कष्टाचं नव्हे. त्यातला मोठा वाटा सरकारनं घेतला तरी शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. प्रिंगलनं हा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के ठरवला. कागदावर हेन्री जॉर्जच्या पन्नास वर्षं आधीचा हेन्री जॉर्ज!

घडलं काय? प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक किती, बैलांचा खर्च किती, बियाणं किती, याचे हिशेब कचेरीत बसून मांडले. हाताखालच्या माणसांनी लाच घेऊन काळीला बरड लिहिलं आणि न देणाऱ्याच्या बरडाला काळी. वर धान्याचे भाव पडले. आकडा झेपेना, तेव्हा वसुलीला मारझोड सुरू झाली. इंदापूरची कुळं घरंदारं टाकून निजामाच्या मुलखात निघून गेली, रानं ओस पडली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना ते निस्तरायला पाठवलं गेलं.

या दोघांबद्दल मला व्यवसायाचा म्हणून जरा आदर आहे. (खात्यातल्या जुन्या लोकांना असतोच.) त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब गुंडाळून ठेवला आणि जमिनीकडे बघितलं. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. खड्डा घेऊन माती किती हात खोल आहे ते बघायचं. पावणेदोन हात खोल चांगली काळी म्हणजे सोळा आणे प्रत. चुनखड असेल, वाळू मिसळलेली असेल, उतार असेल तर एकेक प्रत खाली. याला प्रतबंदी म्हणतात. त्यावर तालुक्याचे मागच्या वर्षांचे वसूल बघून दर खाली आणले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. त्याहून मोठी गोष्ट, जी पुढे कायद्यातही आली: रयतेनं स्वतःच्या पैशानं नवी विहीर पाडली, ताल घातली, रान सुधारलं, तर त्या सुधारणेपायी सारा वाढवायचा नाही. मातीवर कर, मेहनतीवर नाही. ओस पडलेली रानं पुन्हा लागवडीला आली.

म्हणजे तुमच्याच शिवारात हाच कर एकदा बुडाला आणि एकदा तरला. पण गोष्ट तिथे संपत नाही, संपली असती तर मी तुम्हाला सहज समजावलं असतं. तीस वर्षं भरली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला सोन्याचा भाव आणलेला होता. त्या तेजीच्या तोऱ्यात फेरआकारणी झाली, सारा भरमसाट वाढला, आणि पाठोपाठ भाव कोसळले. मग १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. दंगा सावकारांविरुद्ध होता हे खरं, पण सारा भरायलाच माणूस सावकाराच्या दारात गेला होता, हेही त्या वेळच्या लोकांना दिसत होतं. पुढे १९२८ साली सुरत जिल्ह्यात, मुंबई इलाख्यातच, बारडोलीला हेच. सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाईंनी लोकांना उभं केलं. मग ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा आधीच्या अहवालातले खंडाचे आकडे भरवशाचे नाहीत असं निघालं आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणावी लागली. आधी कुणी नीट रानात गेलंच नव्हतं.

त्यामुळे 'जमिनीवर कर' म्हटलं की तुमच्या अंगावर काटा येतो, तो मी खोटा म्हणणार नाही. फक्त एवढं बघा की मी म्हणते तो कर पिकावरचा नाही, जागेच्या बाजारभावावरचा आहे. माळावरच्या जिरायत रानाला भावच नाही, तर कर कसला? तुमच्या रानात तुम्ही पाडलेली विहीर तुमची, तिला हात नाही. नीरा डाव्या कालव्यानं ज्याच्या जमिनीचा भाव दुप्पट झाला, तिथे मात्र मी विचारीन, कारण कालवा सगळ्यांच्या पैशाचा. आणि चाकणला, शिक्रापूरला हायवेकडेची शेती 'शेती' म्हणून दाखवून जो सातबाऱ्यावरच्या चार-सहा रुपये आकारावर बसलाय, तो शेतकरी नव्हेच. माझ्या वडिलांच्या साडेतीन एकरांचा आकार पाच रुपये काही पैसे होता. त्या आकड्याला सरकारही हसत असेल.

कोथरूडहून एक निवृत्त शिक्षिका: "माझे यजमान गेले. पेन्शन आणि १९७४ साली घेतलेल्या प्लॉटवरची जुनी बंगली, एवढंच आहे. आठवड्याला एक बिल्डर येतो. जमिनीच्या भावावर कर लागला तर मला घर विकावं लागेल. हे तुम्हाला पटतं का?"

नाही पटत. आणि हा या विचारातला सगळ्यात अडचणीचा प्रश्न आहे हेही कबूल करते. तुमच्याकडे कागदावर कोटी आहेत आणि हातात पेन्शन.

डेन्मार्कमध्ये जमिनीच्या मूल्यावर वेगळा कर कित्येक वर्षं आहे. तिथे पेन्शनरांना तो कर कर्जाऊ ठेवता येतो. घर विकलं जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा व्याजासकट वळता होतो. आपल्याकडे त्यासाठी नवीन काही शोधायला नको. बँकेचा बोजा आपण सातबाऱ्याच्या इतर हक्कात आणि प्रॉपर्टी कार्डावर चढवतोच की. तसाच कराचा बोजा चढवायचा. तुम्ही असेपर्यंत कुणी दारात येणार नाही. तुमच्यामागे अमेरिकेतल्या मुलांना बंगल्याचे थोडे कमी पैसे मिळतील. (अमेरिकेत आहेत हे मी नुसतं धरून चालले आहे. कोथरूडकर आहात म्हणून. चुकलं असेल तर माफ करा.)

आज पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत आहे. तुम्हाला ती मिळतच असेल. ती तशीच ठेवायची की तिच्या जागी हा बोजा आणायचा, यावर भांडता येईल. पण पत्रे ठोकून बसलेल्या वाकडच्या मालकानं तुमच्या पदराआड लपू नये. असल्या चर्चेत तो नेहमी एखाद्या विधवेला पुढे करतो.

डोंबिवलीहून एक भाडेकरू: "कर जमिनीवर लागला की मालक भाडं वाढवणार. शेवटी भरणार मीच."

घरावरचा कर वाढला की असं होतं, कारण बांधणारे घरं कमी बांधतात. जागेचं तसं नाही. तुमचा मालक आजही तुमच्याकडून बाजारात निघेल तेवढं भाडं घेतोच आहे. तुमच्यावर दया येऊन त्यानं हजार-दोन हजार सोडलेले नाहीत. कर लागला म्हणून डोंबिवलीत जमीन कमी होत नाही आणि भाडेकरूही वाढत नाहीत. उलट पडून असलेल्या जागा बांधून भाड्यानं द्याव्यात असं त्याच्या शेजाऱ्याला वाटू लागेल. एक अपवाद: पागडीच्या जुन्या चाळीत बाजारभाव चालतच नाही, आणि भाडे नियंत्रण कायद्यात वाढलेला कर भाडेकरूकडे सरकवायला वाट ठेवलेली आहे. तुमची खोली तशी असेल तर तुमचं म्हणणं बरोबर.

पिट्सबर्गहून (अमेरिका) एक वाचक: "बावीस वर्षं इथे आहे. इथे घराच्या आकारणीत जमिनीची किंमत आणि इमारतीची किंमत वेगवेगळी दाखवतात. शेजारचे आजोबा सांगतात, पूर्वी शहर जमिनीवर इमारतीच्या पाच-सहा पट दरानं कर घ्यायचं. आता मात्र पगारातून तीन टक्के स्थानिक कर जातो. आजोबा खरं बोलतात का?"

अगदी खरं बोलतात. तुम्ही ज्या गावात राहता ते या विषयातलं पंढरपूर आहे, फक्त देऊळ बंद पडलंय.

१९१३ साली पेन्सिल्व्हेनियानं पिट्सबर्ग आणि स्क्रँटन या दोन शहरांसाठी कायदा केला. टप्प्याटप्प्यानं इमारतीवरचा दर उतरवत न्यायचा. १९२५ पर्यंत तो जमिनीच्या दराच्या निम्म्यावर आला. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी शहराची तिजोरी रिकामी झाली. महापौरांना पगारावरचा कर वाढवायचा होता. नगरपरिषदेनं तो नाकारला आणि त्याऐवजी जमिनीवरचा दर वाढवला. म्हणजे वाकडच्या नोकरदारांनी जे मागितलं तेच, तुमच्या शहरात, ठराव करून. इमारतीच्या पाचपटीहून वर गेला तो दर.

त्याच वर्षांत तिथल्या पोलाद गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. शहर खचायला हवं होतं, पण मध्यभागात बांधकामं निघाली. ओट्स आणि श्वाब या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये आकडे तपासले: ऐंशीच्या दशकातली बांधकाम परवान्यांची वार्षिक सरासरी आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त. दोघं सावध माणसं. त्यांनी सगळं श्रेय कराला दिलं नाही. शहरात ऑफिसांच्या जागेची टंचाई होती हे त्यांनी सांगितलं. जमिनीच्या कराचं काम एवढंच की, दुसरे कर वाढवून ती तेजी मारावी लागली नाही.

मग देऊळ बंद का पडलं? मोजणीनं. बऱ्याच वर्षांनी काऊंटीनं (म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं) फेरआकारणी केली आणि २००१ च्या सुमारास लोकांच्या हातात नवी बिलं पडली. काही वस्त्यांत जमिनीची किंमत एकदम कित्येक पट दाखवलेली. शेजारशेजारच्या दोन सारख्या प्लॉटांचे आकडे वेगवेगळे. लोक खवळले आणि त्याच वर्षी वेगळे दर रद्द होऊन सगळीकडे एकच दर आला.

इंदापूरच्या दादांना मी जे लिहिलं ते परत वाचा. प्रिंगल, बारडोली आणि तुमचं पिट्सबर्ग, तिन्हीकडे हात पोळले ते किंमत ठरवताना. कर दरवर्षी थोडा हलता ठेवला तर कुणाला कळत नाही. पंधरा-वीस वर्षं झाकून ठेवला आणि मग झाकण उचललं की वाफ तोंडावर येते. आपल्याकडेही रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारनं ठरवलेले जमीन-घरांचे, दर २०२२ नंतर तीन वर्षं हलवलेच नव्हते, २०२५ च्या एप्रिलात वाढवले. हलवले नव्हते तोवर सगळे आनंदात होते. मला मात्र पिट्सबर्ग आठवत होतं.

लातूरहून एमपीएससी करणारा विद्यार्थी: "हे घटनेत बसतं का? मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?"

यादी पाठ असेलच, तरी सांगते. शेतीखेरीजच्या उत्पन्नावरचा कर केंद्राच्या यादीत, नोंद ८२. जमीन महसूल राज्याकडे, नोंद ४५. जमीन आणि इमारतींवरचा कर नोंद ४९. शेतीच्या उत्पन्नावरचा नोंद ४६. म्हणजे सवलत द्यायची दिल्लीनं आणि नवा कर बसवायचा मुंबईनं. शिव्या खाणार एक, टाळ्या घेणार दुसरा. म्हणूनच मी व्यवसाय करापासून सुरू करा म्हणते. तो अनुच्छेद २७६ आणि नोंद ६० प्रमाणे राज्याचाच आहे, तेव्हा अदलाबदल घरातल्या घरात होते.

एक निकालही लक्षात ठेव. मुंबई महापालिकेनं भांडवली मूल्यावर मिळकतकर आणला तेव्हा मोकळ्या जागेवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल, हे धरून आकारणी करणारे नियम केले होते. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला: जमीन आज आहे तशी धरा, उद्याच्या टॉवरवर आज कर नको. हेन्री जॉर्जचा अर्धा जीव त्या उद्याच्या टॉवरमध्येच आहे. तेव्हा कायदा बदलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुलाखतीत एवढं सांगितलंस तरी पुरे. 'मोजणीच्या बाई म्हणतात' असं सांगू नकोस.

पत्ता न लिहिलेलं एक कार्ड: "कम्युनिस्ट बाई, रशियात जा."

मार्क्सला हेन्री जॉर्ज अजिबात पटला नव्हता. आणि मिल्टन फ्रीडमन, जो बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता, त्याला सगळ्या करांत मोकळ्या जमिनीच्या मूल्यावरचा कर सर्वांत कमी वाईट वाटे. कुठे जाऊ ते नीट कळवा.

साताऱ्याहून एक वाचिका: "जमिनीची किंमत इमारतीपासून वेगळी काढणार कशी? आणि बाई, तुमची स्वतःची जमीन किती? हा कर लागला तर तुम्हाला काय पडेल?"

पहिल्याचं उत्तर सोपं. शहरांतला रेडी रेकनरचा तक्ता उघडा. प्रत्येक विभागापुढे खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे वेगवेगळे रकाने आहेत. पहिला रकाना तोच. आपण तो दस्तावर मुद्रांक शुल्क काढायला वापरतो, म्हणजे जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हाच. पडून राहते तेव्हा त्या रकान्याकडे कुणी बघत नाही. त्यात चुका भरपूर आहेत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन विभाग आणि दर दीडपट, असं मी स्वतः नकाशावर दाखवून दिलेलं आहे. दुरुस्त झालं नाही. पण निदान रकाना आहे. प्रिंगलकडे तोही नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाला मी जरा घाबरूनच होते. माझ्या नावावर बारामतीला तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. १९९६ साली भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतला, निवृत्तीनंतर घर बांधू म्हणून. बांधलं नाही. मुलगी ठाण्याला, मी तिच्याजवळ. प्लॉटवर एक बाभूळ वाढली आहे आणि शेजारच्या दुकानदाराचे सिमेंटचे पाइप ठेवलेले आहेत. पत्रे नाहीत, काटेरी तारेचं कुंपण आहे. म्हणजे वाकडच्या त्या मालकात आणि माझ्यात फरक पत्र्याचा आणि तारेचा.

तुमचं पत्र आल्यावर हिशेब मांडून बघितला. तीन गुंठे म्हणजे ३०३ चौरस मीटर आणि वर थोडं. सोयीसाठी चौरस मीटरला सहा हजार दर धरला तर अठरा लाखांच्या वर किंमत. वर्षाला एक टक्का कर म्हटलं तर अठरा हजार रुपये. सात पगारदारांचा वर्षाचा व्यवसाय कर साडेसतरा हजार होतो. आज मी वर्षाला भरते साडेचारशे.

मुलीला कागद दाखवला. ती नोकरीला आहे, अडीच हजार तिचेही कापतात. तिनं आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "मग आई, बाभूळ कधी तोडतेस?"